कोलकात्याची दोन चायनाटाउन, एका सकाळी सायकलवरून

कोलकात्यात चायनाटाउन दोन आहेत: लालबाजारजवळचा टिरेटा बाजार आणि पूर्वेकडचं टांगरा. बहुतेक पर्यटक एकीकडे नाश्ता करतात नाहीतर दुसरीकडे रात्री जेवतात, आणि परततात. माझं मत असं की मधलं पाच-सहा किलोमीटरचं अंतर सायकलने कापल्याशिवाय इथल्या चिनी समाजाची वाटचाल उमगत नाही.

रविवारच निवडा आणि उजाडताच निघा. एस्प्लनेडहून बेंटिंक स्ट्रीट धरला. चिनी चर्मकारांच्या बूट-चपलांसाठी एकेकाळी नावाजलेला हा रस्ता, पण त्या वेळी दुकानं बंद होती. पुढे पोद्दार कोर्टाजवळ सहाच्या सुमारास नाश्त्याची दुकानं मांडली जातात आणि साडेआठपर्यंत बरंचसं संपतं. वाफाळलेले बाओ (सारण भरलेले मऊ पाव), फिशबॉल सूप, डुकराच्या मांसाचे शुमाई (मोमोसारखा प्रकार). शाकाहारी मंडळींनी फार आशा ठेवू नये. सुटे पैसे जवळ ठेवा, आणि विकणाऱ्या आजींचा फोटो काढायचा तर आधी विचारा. त्यांच्यासाठी ही धंद्याची वेळ असते.

खाऊन झालं की सायकल हातात धरून गल्ल्यांत शिरा. इथे ज्यांना चर्च म्हणतात ती चिनी मंदिरं आहेत. छातावाला गल्लीतलं सी इप १९०५ सालचं, करुणेची देवी क्वान यिनचं. ब्लॅकबर्न लेनमधल्या तूंग ऑनच्या तळमजल्यावर पूर्वी नानकिंग हे गाजलेलं रेस्टॉरंट होतं. दार उघडं दिसलं तर चपला काढून, परवानगी घेऊन आत जा. लाकडावरचं कोरीवकाम बघत मी बराच वेळ रेंगाळलो. दक्षिण चीनमधून आलेल्या सुतारांचा हा समाज होता, हे तिथे वेगळं सांगावं लागत नाही.

मग सियालदह, एंटालीमार्गे टांगरा. कोलकात्यात अनेक मोठ्या रस्त्यांवर सायकलला बंदी आहे. पोलिसाने अडवलं तर वाद न घालता आतल्या रस्त्याने जा. काही ठिकाणी ट्रामचे रूळ उरलेत, ते आडवे, काटकोनात ओलांडा. तिरकं चाक अडकलं की आपटलातच.

टांगऱ्यात हाक्का या चिनी गटातल्या लोकांनी चामडं कमावण्याचे कारखाने उभे केले. प्रदूषणामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते शहराबाहेर बानतलाला हलवावे लागले, आणि कित्येक घरांनी कारखान्याच्या जागी रेस्टॉरंट काढलं. उंच भिंती आणि लोखंडी फाटकं पाहिली की जुना धंदा ओळखू येतो. त्याआधी १९६२च्या युद्धात आसाम-बंगालमधल्या चिनी वंशाच्या कुटुंबांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं होतं. पुढे कितीतरी जण परदेशी गेले. इथेच जन्मलेल्या माणसांवर झालेला हा अन्याय आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माथेश्वरतला रोडवरचं चिनी काली मंदिर चुकवू नका; चिनी कुटुंबं तिथे कालीची पूजा करतात आणि नैवेद्याला नूडल्सही असतात. जेवायचं तर दुपारपर्यंत थांबावं लागेल. पावसाळ्यात इथे पाणी तुंबतं, म्हणून डिसेंबर-जानेवारी उत्तम.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर अछिपूरला जा. अठराव्या शतकात वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढणाऱ्या, भारतातले पहिले चिनी रहिवासी मानल्या जाणाऱ्या तोंग अछू यांची समाधी तिथे हुगळीकाठी आहे. तिथे सायकल नको. सियालदहहून बजबजची लोकल पकडा आणि पुढे रिक्षा करा.