नेपोलियनची वाईन आणि आमची चाळीस मिनिटं

केप टाउनचे पहिले दोन दिवस टेबल माउंटनवरचा वारा आणि पेंग्विन यांत गेले. ते फोटो सगळ्यांकडे असतात, सोडून देते. तिसऱ्या दिवशी ग्रूट कॉन्स्टान्शिया हा जुना डच मळा, आणि त्यासाठी टूरवाल्यांनी दिलेली फक्त चाळीस मिनिटं! त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली.

१६८५ मध्ये केपचा डच अधिकारी सिमोन फान देर स्टेल याला ही जमीन मिळाली. १७७८ पासून शंभरेक वर्षं मळा क्लूटे घराण्याकडे होता. त्यांची गोड वाईन सेंट हेलेनावर कैदेतल्या नेपोलियनपर्यंत जायची. गाइडने नेपोलियन तीनदा सांगितला. राबलं कोण, ते एकदाही नाही.

नवरा आणि मंडळी वाईन चाखायला पळाली. मी पांढऱ्याशुभ्र घरात शिरले. १९२५ च्या आगीनंतर ते पुन्हा उभारलंय. चकचकीत कपाटं, टापटीप. आणि मग गुलामांची माहिती. केपमध्ये माणसं आणली गेली ती मादागास्करहून, जावा-सुमात्राकडून आणि आपल्याकडूनही. त्यांना आडनावं चिकटली ती 'फान बेंगालेन', 'फान मलबार' अशी. आपण सातारकर, नगरकर म्हणतो ना, अगदी तसंच. इथेच जन्मलेलं मूल 'फान दे काप', म्हणजे केपकर. आपल्या 'कर'मागे निदान एखादं घर तरी असतं. नावंही मालकाच्या लहरीवर, कुणी टायटस, कुणी क्युपिडो, कुणी चक्क महिन्याच्या नावाचा. १८३४ मध्ये गुलामगिरी संपली म्हणे, पण पुढची चार वर्षं 'उमेदवारी' या गोंडस नावाखाली राबायचं होतंच.

आणि कहर म्हणजे खुद्द फान देर स्टेलच्या आईची आई हिंदुस्थानातली, गुलामगिरीतून सुटलेली बाई! नातवाला त्याचं काही वाटलं असेल का, या विचारात मी उभी, तोवर बाहेरून हाक आली, "ताई, चला, बस सुटतेय!"

बसमध्ये नवरा खुशीत होता. चार घोट झाले होते. मी काही बोलले नाही. खिडकीपेक्षा ड्रायव्हरदादांकडेच लक्ष जात होतं. त्यांच्या शर्टावर नावाचा बिल्ला होता, 'सप्टेंबर'. तीन दिवस तो रोज दिसत होता, आणि मे महिना चालू असताना हा जुना बिल्ला का लावतात, असं मी नवऱ्याला हसत विचारलंही होतं.