फ्रिज नाही, बादली गार ठेवायची असते

नवी मुंबईतल्या एका परवानाधारक मायक्रोब्रूअरीचं, म्हणजे बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्याचं, कूलिंगचं काम माझ्याकडे आहे. तिथला ब्रूअर नवीन रेसिपी थेट मोठ्या टाकीत घालत नाही, आधी २० लिटरच्या बादलीत आंबवून बघतो. त्या बादलीसाठी ठाण्यात वागळे इस्टेटच्या माझ्या दुकानात धूळ खात पडलेला सिंगल डोअर फ्रिज मी त्याला तयार करून दिला. तेव्हापासून "काका, मलापण तसाच फ्रिज हवाय" म्हणणारे अधूनमधून येतात. काही कोंबुचावाले (म्हणजे आंबवलेला चहा बनवणारे), काही बिअरवाले. बिअरवाल्यांना आधीच सांगतो, परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं आपल्याकडे गुन्हा आहे. मी फ्रिज देतो, जामीन राहत नाही.

सगळ्यांची मागणी एकच: "१८ डिग्रीला सेट करून द्या." आता १८ कशाला, हवेला की बिअरला? यीस्ट, म्हणजे बिअर आंबवणारा सूक्ष्मजीव, साखर खातं तेव्हा स्वतः उष्णता सोडतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याचा जोर एवढा असतो की बादलीतला माल भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज वर जातो. फ्रिजमधली हवा १८ ला राहिली तरी बिअर २२ ला शिजतेय. म्हणून तापमानाचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवायचा नाही. बादलीच्या बाहेरून, आतल्या पातळीच्या बरंच खाली, टेपने घट्ट चिकटवायचा आणि वरून थर्माकोल किंवा फोमचा तुकडा दाबून बसवायचा, म्हणजे तो फ्रिजची नाही, बादलीची गोष्ट सांगतो.

फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट इथे कामाचा नाही, तो दूध-भाजीसाठी असतो, १८ त्याच्या गावीही नाही. त्याचा नॉब सगळ्यात थंडवर ठेवायचा आणि वीज बाहेरच्या डिजिटल कंट्रोलरमधून द्यायची, तो सेन्सर बघून फ्रिज चालू-बंद करतो. त्यात चालू आणि बंद होण्यातला फरक अर्धा ते एक अंश, कॉम्प्रेसर डिले, म्हणजे बंद झाल्यावर पुन्हा चालू होईपर्यंतचा थांबा, किमान ३ मिनिटं. हा डिले लोक शून्य करून ठेवतात. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर दोन्हीकडचं प्रेशर सारखं व्हायला वेळ लागतो. त्याआधी चालू केला तर तो नुसता घुरघुरतो, ओव्हरलोड ट्रिप होतो आणि एक दिवस जळतो. इन्व्हर्टर फ्रिजला तर हा कंट्रोलर लावूच नका, त्याच्या बोर्डाला सारखी वीज तोडलेली चालत नाही.

इंटरनेटवर बघून लोक बादलीला ओला टी-शर्ट गुंडाळतात, वर पंखा सोडतात. नागपूरच्या मे महिन्यात हे झकास चालेल, तिथे माठही गार होतो. खाडीकाठच्या ठाण्यात पावसाळ्यात टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही, तिथे त्या टी-शर्टमधून पाणी उडणार कसं? त्यापेक्षा पाण्याच्या टबात बर्फाच्या बाटल्या बऱ्या. १ किलो बर्फ वितळताना साधारण ३३४ किलोज्यूल ओढतो, २० लिटर पाणी १ अंशाने उतरवायला ८४ लागतात. म्हणजे कागदावर एका बाटलीत चार अंश. फक्त बाटल्या बदलायला रात्री उठणार कोण?

एवढा खटाटोप कशाला, तर नेहमीच्या एल (बिअरचा एक प्रकार) यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. आमच्याकडे मे महिन्यात रात्रीही घरात तिशीच्या आसपास असतं. त्या उकाड्यात केळ्याचा वास येतो आणि फ्यूजेल अल्कोहोल तयार होतं, जे घशाला जाळतं. जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ साली एप्रिलअखेर ते सप्टेंबरअखेर बिअर बनवायलाच बंदी घातली होती, कारण हेच. पुढे १८७० च्या दशकात म्युनिकच्या श्पाटेन ब्रूअरीसाठी कार्ल फॉन लिंडेने कूलिंगचं मशीन बनवलं. आमच्या धंद्याची एक वीट बिअरवाल्यांनीच रचली, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो.

आंबणं संपत आलं की ब्रूअर तापमान दोन अंश वाढवायला सांगतो. यीस्टने मागे सोडलेला लोण्यासारखा वास त्या उबेत यीस्टच गिळून टाकतं. नॉर्वेचं क्वाइक नावाचं यीस्ट तर ३५ अंशांतही खूश असतं, त्याला माझी गरजच नाही.

जुना फ्रिज घ्याल तर गॅस्केट, म्हणजे दाराचं रबर, तपासा. दारात दहाची नोट अडकवून ओढा. अलगद सुटून आली तर रबर गेलंय. मग दमट हवा आत शिरत राहते, भिंतींना पाणी सुटतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. रबर आधी बदलून घ्या, कंट्रोलर मग.