नावापुढे लिहिलेलं ‘राखीव’

आठ दिवस झाले, संघाच्या यादीत एका मुलाच्या नावापुढे मी ‘राखीव’ लिहिलं आणि सही करून घरी आलो. तेव्हापासून चैन नाही.

विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची निवड चाचणी होती. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला १२ जण न्यायचे, निवडणारे आम्ही तिघं. लोकांना वाटतं, आम्ही बास्केट मोजत बसतो. माझी नजर ज्यांच्या हातात चेंडू नाही त्यांच्यावर असते. चाचणीत प्रत्येकाला स्वतःला दाखवायचं असतं, त्यामुळे पास कुणी देत नाही आणि बचाव तर कुणीच करत नाही. जो करतो, तो लगेच नजरेत भरतो.

हा मुलगा इंदूरच्या राजेंद्रनगरचा, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा. उंची ५ फूट १० इंच. उजवीकडून छान घुसायचा, डावीकडे रेटला की चेंडू घालवायचा. एकदा असाच चेंडू गेला. अशा वेळी बहुतेक मुलं हात पसरून पंचाकडे बघतात. हा तोवर मागे धावत सुटला होता, आणि धावताना मान वळवून दोन्ही बाजूंना कोण कुठे आहे ते बघून घेत होता. रिंगखाली दोघांसमोर एकटा पडला. पास सुटायच्या आधीच तो कुठे जाणार हे त्यानं हेरलं आणि बोटांच्या टोकांनी चेंडू बाहेर काढला. त्या उंचीच्या मुलाचा हात तिथवर पोचायला नको होता.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत टेप काढली. त्याला भिंतीला टेकून हात पसरायला लावले. साधारणपणे पसरलेल्या हातांचं माप उंचीइतकंच भरतं. याचं ६ फूट ४ इंच भरलं. मी दोनदा मोजलं.

त्याची आई डबा घेऊन आली होती. मी विचारलं, “ताई, यंदा याच्या पँटी आखूड झाल्या का?”

“अहो सर, दिवाळीपासून दोनदा उसवली. आता दुमडच उरली नाही.” त्यांनी सॅकमधून त्याची कॉलेजची पँट काढून दाखवली. तळाशी जुन्या शिवणीच्या दोन रेघा, मध्ये दोन बोटांचं अंतर, आणि आत दडलेलं कापड वरच्यापेक्षा गडद. अठराव्या वर्षी बहुतेकांची वाढ थांबत आलेली असते. याची चालू होती.

बैठकीत मी हे सगळं मांडलं. एक सहकारी म्हणाले, “सर, अभी तो हाइट नहीं है ना.” त्यांनी ६ फूट ४ इंचांचा मुलगा घेतला. तो रिंगवरून उसळलेला प्रत्येक चेंडू, म्हणजे रिबाउंड, कमरेपर्यंत खाली आणतो, आणि खाली आलेला चेंडू कुणीही हिसकावतो. उंचीपुढे आपल्याला दुसरं काही दिसत नाही. ७ फूट २ इंचांच्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या डॅलस संघानं खेळाडूंच्या निवडीत ५२व्या क्रमांकावर घेतलं, पण एनबीएच्या हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. हे आपल्याला इतक्या लवकर विसरायला होतं!

पण दुसरे सहकारी म्हणाले ते मला खोडता आलं नाही. याला गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे नेणारा म्हणून खेळवायचं, तर समोरचा संघ पूर्ण मैदानभर दाबणार. ८ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यायचा आणि डावा हात असा. स्पर्धा या महिन्यात आहे, दोन वर्षांनी नाही.

मी अडून बसायला हवं होतं. बसलो नाही. ‘राखीव’ म्हणजे किट नाही, तिकीट नाही, कुणी दुखावला गेला तरच बोलावणं.

यादी लागल्यावर तो माझ्याकडे आला. चेहरा पडलेला होता, पण विचारलं एवढंच, “सर, डावा हात ना?”

मी हो म्हणालो. हातांच्या मापाबद्दल त्याला काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे अजून ठरत नाही.

काल संध्याकाळी रेसकोर्स रोडवरून जाताना बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये डोकावलो. कोपऱ्यातल्या रिंगखाली तो एकटाच होता, उजवा हात पाठीमागे धरून. डावीकडून घेतलेले १० ले-अप, म्हणजे रिंगपर्यंत घुसून जवळून टाकलेले चेंडू, मोजले. ४ बास्केटमध्ये पडले. मी वहीत तारीख घातली आणि खाली ४ लिहिले.