लॅपटॉपचं वायफाय केबलनं डेस्कटॉपला : माझा अनुभव

डेस्कटॉपला वायफाय कार्ड नाही, राउटर दुसऱ्या खोलीत आणि भिंतीतून केबल ओढायची सोय नाही. लॅपटॉपला मात्र वायफाय छान मिळतंय. मग लॅपटॉपनं वायफायवरून नेट घ्यायचं आणि लॅनच्या केबलनं डेस्कटॉपला द्यायचं. त्यासाठी लागणारं सगळं विंडोजमध्येच असतं, वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आणि डेस्कटॉपवर विंडोज १० आहे, पण विंडोज ७ पासूनची पद्धत जवळपास हीच.

सामान म्हणजे एक कॅट ५ई केबल, दोन्ही टोकांना आरजे ४५ कनेक्टर. राउटरसोबत येते ती साधी केबल चालते. दोन कॉम्प्युटर थेट जोडायला क्रॉस केबलच (जिच्या दोन टोकांना तारांचा क्रम वेगळा असतो ती) हवी, असं अजूनही सांगितलं जातं, पण ते जुन्या १०० एमबीपीएसच्या कार्डांपुरतं. दोन्हींपैकी एक जरी पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) असला तरी तो तारांची अदलाबदल आपली आपण करून घेतो. लॅपटॉपला लॅनचा पोर्टच नसेल तर यूएसबीचं लॅन अडॅप्टर घ्यावं लागतं. ते घेताना यूएसबी ३ चं आणि गिगाबिट आहे ना, एवढं बघा. स्वस्तातली बरीचशी १०० एमबीपीएसवरच अडतात. केबल खोचल्यावर क्लिपचा 'टक्' आवाज आला पाहिजे आणि पोर्टाशेजारचा दिवा लागला पाहिजे. दिवा नाही तर पुढचं काहीही करून उपयोग नाही.

सेटिंग्जमधलं 'मोबाइल हॉटस्पॉट' इथे कामाचं नाही, कारण ते नेट वायफायवरून किंवा ब्लूटूथवरून देतं आणि डेस्कटॉपला वायफायच नाही. दुसरा फसवा पर्याय म्हणजे वायफाय आणि लॅन दोन्ही निवडून 'ब्रिज कनेक्शन्स' करणं, म्हणजे दोन्ही जोडण्या एकत्र करून एकच नेटवर्क बनवणं. नाव ऐकून हेच बरोबर वाटतं. पण वायफायवर राउटर फक्त त्याच्याशी जोडल्या गेलेल्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) ओळखतो; ब्रिजमागच्या डेस्कटॉपचा मॅक पत्ता त्याच्या लेखी अनोळखी असतो. त्यामुळे बहुतेक वेळा ब्रिज होतो, पण नेट चालत नाही, आणि वर लॅपटॉपचंही जातं.

आता खरं काम. लॅपटॉपवर विंडोज आणि आर ही बटणं दाबून 'एनसीपीए डॉट सीपीएल' (ncpa.cpl) टाका, सगळी अडॅप्टरं एका खिडकीत दिसतात. त्यातल्या वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग 'शेअरिंग' टॅब. तिथली पहिली चौकट, म्हणजे इतरांना या कॉम्प्युटरच्या इंटरनेटवरून जोडू देण्याची, टिक करायची. खाली 'होम नेटवर्किंग कनेक्शन' अशी यादी दिसली तर तिच्यात 'इथरनेट' निवडा आणि ओके करा.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे शेअरिंग इथरनेटवर चालू करणं. टिक नेहमी देणाऱ्या अडॅप्टरवर, म्हणजे ज्याच्याकडे नेट आहे त्याच्यावर. घेणारं नुसतं यादीत निवडायचं. दुसरी चूक यादीतली. व्हर्च्युअलबॉक्ससारखं (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं) काही टाकलेलं असलं की तिथे दोन-तीन इथरनेट दिसतात. खरं कोणतं ते ओळखायला केबल काढा. ज्याच्यावर लाल फुली येते ते आपलं. शेअरिंगचा टॅबच दिसत नसेल तर विंडोजला दुसरं अडॅप्टर सापडलेलं नाही, म्हणजे लॅनचा ड्रायव्हर तपासा. कंपनीचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागानं ही सोय बंद केलेली असू शकते, तिथे खटपट करू नका.

डेस्कटॉपवर करायचं एकच : इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी व्हर्जन ४ उघडून पत्ता (नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा आयपी क्रमांक) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारी सोय) दोन्ही 'ऑटोमॅटिकली' वर ठेवा. कधीकाळी भरलेला आयपी तिथे राहिला असेल तर तो आधी पुसा.

नेट आलं तर प्रश्नच मिटला. नाही आलं तर सेटिंग्ज चाळत बसण्याऐवजी आकडे वाचा. दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) टाका. लॅपटॉपच्या इथरनेटला १९२.१६८.१३७.१ हाच पत्ता असायला हवा. शेअरिंग सुरू होताना विंडोज तो स्वतः देतं. तो नसेल तर टिक दिसत असली तरी शेअरिंग चालू नाही, असं समजा. डेस्कटॉपला १९२.१६८.१३७ नं सुरू होणारा दुसरा कुठलाही पत्ता आणि गेटवे (नेटकडे जायचं दार) म्हणून लॅपटॉपचा पत्ता हवा. डेस्कटॉपवर १६९.२५४ नं सुरू होणारा आकडा दिसला, तर त्यानं पत्ता मागितला पण कुणी दिला नाही, म्हणून स्वतःच एक लावून घेतला. केबल ठीक असेल तर अशा वेळी दोष बहुधा लॅपटॉपकडे असतो : शेअरिंग चुकीच्या अडॅप्टरला दिलंय, किंवा अँटिव्हायरसची फायरवॉल मध्ये आडवी आलीय. दुरुस्ती केल्यावर डेस्कटॉपवर आधी 'आयपीकॉन्फिग /रिलीज', मग 'आयपीकॉन्फिग /रिन्यू'.

पत्ता बरोबर आहे पण साइट उघडत नाही, तर डेस्कटॉपवरून ८.८.८.८ या गूगलच्या डीएनएस सर्व्हरला पिंग करा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग ८.८.८.८' (ping 8.8.8.8) टाकून उत्तर येतं का ते बघा. उत्तर आलं म्हणजे रस्ता मोकळा आहे, अडलंय ते डीएनएसवर; डेस्कटॉपवर डीएनएस हातानं ८.८.८.८ भरा. लॅपटॉपला पिंग करून मात्र निष्कर्ष काढू नका, त्याची फायरवॉल पिंग गिळून टाकू शकते. लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर तो बंद करून बघा.

सगळ्यात वैताग देणारी गोष्ट दुसऱ्या दिवशी कळते. लॅपटॉप रीस्टार्ट केला की टिक जागच्या जागी दिसते, पण डेस्कटॉपला नेट नाही. टिक काढून, ओके करून, पुन्हा लावली की चालतं. पण रोज कोण करणार? कायमचा उपाय दोन भागांत आहे. 'सर्व्हिसेस' मध्ये 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' शोधून स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक' करायचा. मग रजिस्ट्रीत (विंडोजची अंतर्गत सेटिंग्ज जिथे साठतात तिथे, 'रेजएडिट' (regedit) टाकून उघडते) लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन असं जाऊन 'शेअर्डअ‍ॅक्सेस' ही की उघडायची, नसेल तर तयार करायची. तिच्यात 'एनेबल रीबूट पर्सिस्ट कनेक्शन' हे इंग्रजी शब्द सलग, मध्ये जागा न सोडता (EnableRebootPersistConnection) लिहून एक डीवर्ड (आकडा साठवणारी) व्हॅल्यू करायची आणि तिला १ द्यायचा. हात लावण्याआधी रजिस्ट्रीची प्रत एक्स्पोर्ट करून ठेवा.

लॅपटॉप झोपला की डेस्कटॉपचं नेट गेलंच. म्हणून चार्जर लावलेला असताना स्लीप 'नेव्हर' वर, आणि झाकण मिटल्यावर 'डू नथिंग'. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय आणि लॅन दोन्हींच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला अडॅप्टर बंद करू देणारी टिकही काढा.

वेग लॅपटॉपला वायफायवर मिळतो त्याच्यापुढे जात नाही. राउटरकडून ५ गिगाहर्ट्झ मिळत असेल तर लॅपटॉप त्यावरच ठेवा. डेस्कटॉप आता लॅपटॉपच्या आड गेलेला असतो, त्यामुळे घरातला वायफाय प्रिंटर त्याला आपोआप सापडत नाही. प्रिंटरचा आयपी पत्ता हातानं भरून जोडावा लागतो. काही ऑनलाइन गेम्सही कुरकुर करतात. वसतिगृहासारख्या ठिकाणी, जिथे ब्राउझरमध्ये लॉगिन केल्यावरच नेट मिळतं, तिथे मात्र हीच आड सोयीची, लॅपटॉपवर एकदा लॉगिन केलं की पुरतं.

रोजच्या वापरासाठी डेस्कटॉपला यूएसबीचं वायफाय डोंगल घेणंच बरं, लॅपटॉप तरी मोकळा राहतो. आणि नुकतंच विंडोज टाकलंय, ड्रायव्हर उतरवण्यापुरतं नेट हवंय, एवढीच गरज असेल तर केबलचाही खटाटोप नको : अँड्रॉइड फोन वायफायला जोडा, डेटा केबलनं डेस्कटॉपला लावा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. बहुतेक फोन तेव्हा मोबाइल डेटा न वापरता वायफायचंच नेट पुढे देतात. फक्त चार्जिंगपुरती असलेली केबल नको, तिच्यात डेटाच्या ताराच नसतात.