मेहसाण्यातली विहीर आणि माझं पहिलं रॉड पंप डिझाइन

उत्तर गुजरातेत मेहसाण्याला बदली होऊन दोन महिने झाले होते. एक तेलविहीर माझ्याकडे आली, रॉड पंप १४०० मीटरवर. हा पंप विहिरीत खाली असतो आणि जमिनीवरचं यंत्र एकापुढे एक जोडलेल्या पोलादी रॉडनी तो वरखाली चालवतं. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा रॉड तुटला होता, आणि तिन्ही वेळा खालच्या पाऊण इंची रॉडमध्येच. वर्कओव्हर रिग (विहिरीतले रॉड आणि पंप काढून दुरुस्ती करणारं यंत्र) लागायच्या आत नवं डिझाइन द्यायचं होतं.

मी जाड रॉड सुचवले. वरिष्ठांनी कागद परत पाठवला, वर एकच प्रश्न लिहून: विहीर किती देते?

मग साइटवर गेलो. तिथले काका म्हणाले, "साहेब, तुटायच्या आधी पंप ठोकत होता." जुनं डायनो कार्ड, म्हणजे एका फेऱ्यात रॉडवरचा भार कसा बदलतो त्याचा आलेख, काढलं, तर त्याचा खालचा उजवा कोपराच नव्हता. बॅरल, म्हणजे पंपाची नळी, पुरता भरत नव्हता. त्यातला प्लंजर (दट्ट्या) खाली येताना आधी रिकाम्या जागेतून उतरायचा, मग द्रवावर आदळायचा आणि तेव्हा कुठे त्याच्यातला ट्रॅव्हलिंग व्हॉल्व्ह उघडायचा. त्या क्षणी सुमारे दोन टनांचा भार रॉडवरून एकदम सुटतो. खालचे रॉड दबून वाकतात, मिनिटाला आठ वेळा.

आकडे मांडल्यावर सगळं उलगडलं. पावणेदोन इंची प्लंजर, २.२ मीटर स्ट्रोक (प्लंजरची एका वेळची चाल), मिनिटाला ८ फेरे: कागदावर दिवसाला ३९ घनमीटर. विहीर देत होती १४. केसिंगमधली (विहिरीच्या बाहेरच्या नळीतली) द्रवाची पातळीही पंपाच्या जेमतेम वर होती. विहिरीकडे नव्हतं ते आपण मागत होतो, आणि दंड रॉड भरत होते.

स्ट्रोक तोच ठेवला. प्लंजर दीड इंची आणि फेरे ५ केले, की १८ घनमीटर होतात. बॅरल ८० टक्के भरला तरी १४ निघतात. द्रवाचा भार दीड टनाच्या आत आला. दिवसाचे फेरे ११,५२० वरून ७,२०० झाले. पोलाद थकून तुटतं, म्हणून मला हा आकडा सगळ्यात मोलाचा वाटला. पंपाचं तोंड पर्फोरेशनच्या, म्हणजे तेल आत येतं त्या केसिंगमधल्या छिद्रांच्या, खाली नेलं, म्हणजे वायू केसिंगमधून वर निघून जातो आणि पंपात कमी शिरतो. वर सात-अष्टमांश इंची, खाली पाऊण इंची ही रॉडची जोडणी तशीच राहिली.

१८४ रॉड उतरवायला दिवस गेला. शेवटचं स्पेसिंग, म्हणजे प्लंजर तळापासून किती वर राहील ते, मी स्वतः उभं राहून करवून घेतलं. प्लंजर फार खाली राहिला तर तळाला टेकतो, फार वर राहिला तर वायू कोंडून पंप अडकतो.

तिसऱ्या दिवशीच्या कार्डात तो कोपरा बराच भरलेला दिसला. टाकीत साडेतेरा घनमीटर. काकांनी स्टफिंग बॉक्सजवळ (रॉड विहिरीत शिरतो तिथलं सील) बराच वेळ कान दिला आणि मान हलवली. मोटरचा करंट मात्र रॉड खाली जाताना वाढत होता. भार घटला होता, पण काउंटरवेट, म्हणजे रॉडवरचा भार तोलणारी वजनं, जुन्याच जागी होती. माझ्या डिझाइनमध्ये ती ओळच नव्हती. दुसऱ्या दिवशी युनिट थांबवून वजनं आत सरकवली.