आमची वाटचाल, आणि ते गायब झालेलं कुंकू

बडोद्यात दांडिया बाजारात आमचं छोटं दुकान, लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग. सुरुवातीला मी, पार्टनर, एक मिनीडीव्ही (छोट्या टेपचा) कॅमेरा आणि दोन हॅलोजन. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते २०११ चं. कॅननचा ६०डी कॅमेरा हप्त्यावर घेतलेला. पार्टनर म्हणाला नवरा-नवरीवर शूट करतो ते गाणं कॅमेऱ्यातच ब्लॅक अँड व्हाइट करू, एडिटचा वेळ वाचेल. कॅमेऱ्याच्या मेन्यूत पिक्चर स्टाइल मोनोक्रोम, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, वर तिथलाच रेड फिल्टर इफेक्ट, म्हणजे आकाश मस्त काळं येतं. सयाजीबागेत आलंही, आम्ही खूष, आणि त्या नादात सेटिंग तसंच राहिलं न् अख्खा गृहप्रवेश त्यातच शूट झाला. डीव्हीडी लावली तर नवरीच्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, सुनेचं कुंकू कुठंय?"

रेड फिल्टरने लाल उजळतो, कुंकू कातडीत मिसळून गेलेलं. रॉ फोटो (सेन्सरचा कच्चा डेटा) असता तर रंग परत मिळाला असता, व्हिडिओत कॅमेऱ्याने रंग टाकला की टाकला. कलरमध्ये शूट केलं असतं तर एडिटला ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल चॅनल उतरवून हिरवा चढवला की तेच कुंकू ठसठशीत काळं, दोन मिनिटांचं काम. सगळे पैसे परत दिले.

रावपुऱ्यातल्या एकाने (नाव घेत नाही) त्या सीझनला प्रत्येक पार्टीला सांगितलं की हे लोक नवरीचं कुंकू पुसतात. सात बुकिंग गेली. पार्टनरही गेला, आणि गेला तो त्याच्याकडेच. अजून बोचतं.

राहिल्या फक्त सुरसागरजवळच्या काकू, थोरलीचं लग्न आम्हीच केलेलं. म्हणाल्या, "धाकटीचंही तूच कर, पण नीट."

आता नवीन मुलांना, विचारलं नाही तरी, सांगतो. हळदीचं ब्लॅक अँड व्हाइट करताना नुसतं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) शून्य करू नका, पिवळा जवळजवळ पांढरा होतो, नवरी पावडर फासल्यासारखी दिसते. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आरजीबी मिक्सरला (लाल, हिरवा, निळा किती घ्यायचा ते ठरवणारं टूल) मोनोक्रोमची टिक करून निळा थोडा वाढवा, पण जपून, ८ बिटमध्ये (रंगाच्या पायऱ्या कमी असलेलं रेकॉर्डिंग) निळ्यात नॉइज आणि चौकोन लगेच वर येतात, हॉलच्या पिवळ्या बल्बखाली तर विचारूच नका. आम्ही पॅनासॉनिकचा जीएच५ कॅमेरा घेतला तो १० बिटसाठीच, त्यात पायऱ्या जास्त. आणि लोकेशनवर मॉनिटर तेवढा ब्लॅक अँड व्हाइट ठेवा, रेकॉर्डिंग कलर, कारण हिरवा शालू आणि लाल शेला कधी कधी एकच राखाडी होतात आणि ते घरी येऊन कळून उपयोग नाही.

धाकटीचं गाणं कलरमधूनच ब्लॅक अँड व्हाइट करून दिलं. काकूंनी डीव्हीडी पॉज केली, चष्मा लावला आणि टीव्हीजवळ जाऊन आधी कपाळच बघितलं.