बसला की सेट झाला?

मागच्या रविवारी आमच्या बडोद्याच्या दांडिया बजारातल्या घरात एकच शब्द इतक्या वेळा कानावर पडला की शेवटी मी मोजायलाच घेतलं. शब्द म्हणजे ‘सेट’. सकाळी सकाळी वहिनी पातेलं हातात घेऊन, "रात्रभर ठेवलं तरी दही सेट झालं नाहीये बघा", मग गच्चीवर लीकेज बघायला आलेला कडियो (गुजरातीत गवंडी), मग लेक, "बाबा तुम्ही माझा अलार्म सेट नव्हता ना केला?" (नव्हता केला, विसरलो), आणि संध्याकाळी कॅनडाहून पुतण्याचा व्हिडिओ कॉल.

खरी गंमत त्या कॉलवर झाली. आमची आत्या ८४ वर्षांची, ऐकू कमी येतं, तर दादा तिच्या कानाशी ओरडून सांगतोय, "आत्या, आता तो सेट झाला तिकडे, सेट!" आत्या म्हणाली सेट म्हणजे रे काय? आणि माझी लेक, जिला मराठीच्या पेपरात जेमतेम मार्क पडतात, एकदम उत्साहात, "म्हणजे बसला, आजी! नीट बसला!"

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. "बसला? अरे देवा, एवढं कर्ज काढून गेला नि बसला?"

तिचंही बरोबर आहे हो. आजोबांचं मांडवीत कापडाचं दुकान होतं आणि ते ‘बसलं’, म्हणजे पार बुडालं, आमच्या घरात ते वाक्य अजून हळू आवाजात म्हणतात. धंदा बसला म्हणजे गेला, भिंत बसली म्हणजे खचली, घसा बसला म्हणजे आवाज गेला. आणि इथे आम्ही सगळे मोबाईलभोवती गोळा होऊन पोरगा बसला म्हणून खूश!

रात्री झोप येईना म्हणून इंग्रजी डिक्शनरी उघडली तर लेक अगदीच चुकली नव्हती. इंग्रजीतलं ‘सेट’ हे क्रियापद मुळात ‘सिट’चंच प्रयोजक रूप, म्हणजे आपलं बसणे-बसवणे आहे ना तस्संच सिट-सेट. आणि ‘सिट’चं मूळ नि संस्कृतातला ‘सद्’ धातू एकाच घरातले, म्हणजे सदन, संसद, उपनिषद ही सगळी या सेटची लांबची भावंडं. आपलं ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’वरून आलं, बैसणे होत होत, ते घराणं वेगळं. पण काम बघा, हाड सरकलं तर इंग्रज सेट करतो आपण बसवतो, हिरा सेट करतो आपण कोंदणात बसवतो, कवितेला चाल तर आपण बसवतोच. फक्त त्यांचा सूर्यही ‘सेट’ होतो, आपला बसत नाही, मावळतो. ते मला आपलंच जास्त आवडतं.

चहाचा सेट, दागिन्यांचा सेट, टेनिसचा सेट, हा सेट मात्र वेगळा बरं का. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, मूळ अर्थ अनुयायी, पंथ असा, आणि मग दिसायला सारखे म्हणून दोघं एकमेकांत मिसळून गेले. गणितातल्या सेटला आम्ही मराठी मीडियमवाले संच म्हणायचो आणि खालच्या मजल्यावरचा मित्र गुजरातीत गण म्हणायचा, एकाच गृहपाठावरून भांडणं. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत या तीन अक्षरी शब्दाचे ४३० अर्थ होते म्हणे, सगळ्यात लांबलचक नोंद. पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकलं.

रनवरून आठवलं. क्रिकेटमध्ये आता सगळे म्हणतात बॅट्समन सेट झाला, पण बाबा म्हणायचे जम बसला, आणि जम बसणं म्हणजे काय हे सांगायला त्यांच्याकडे एकच उदाहरण, मार्च १९४७, रणजीची फायनल, बडोदा विरुद्ध इंदूरचे होळकर. बडोद्याचे ९१ वर ३ गेलेले आणि मग विजय हजारे नि गुल महंमद यांची ५७७ रनची भागीदारी, हजारे २८८, गुल महंमद ३१९. कुठल्याही विकेटसाठी तो वर्ल्ड रेकॉर्ड २००६ पर्यंत टिकला. इथे मात्र बसणं चांगलं, बघा. जम बसतो, घडी बसते, हात बसतो, विश्वास बसतो, आणि धंदा तेवढा बसू नये. याला काय लॉजिक? (पुण्या-मुंबईचे मित्र "बसायचं का?" म्हणतात तो अर्थ आमच्या गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे अधिकृतपणे नाहीच.)

गुजरातीत तर याहून मजा. दिवाळीनंतरचं नवं वर्ष म्हणजे बेसतुं (बसतं) वरस, आणि पावसाळा सुरू झाला की चोमासुं बेठुं. इंग्रजी पेपरवालेही मॉन्सून ‘सेट इन’ झाला असंच लिहितात.

बरं, तो कडियो. गच्चीवर सिमेंटचा पट्टा मारून झाला आणि म्हणाला, "चोवीस कलाक सेट थवा देजो, पछी पाणी छांटजो." (चोवीस तास सेट होऊ द्या, मग पाणी मारा.) मी आपला शहाणपणा, म्हटलं वाळल्यावर परत ओलं कशाला करायचं? तर तो हसला. सिमेंट वाळून घट्ट होतच नाही, पाण्याशी त्याची रिॲक्शन होऊन ते घट्ट होतं, म्हणून तर नंतर आठवडाभर पाणी मारत राहायचं. साधं सिमेंट अर्ध्या तासाच्या आत सेट व्हायला लागता कामा नये आणि १० तासांत पूर्ण व्हायला हवं असा स्टँडर्ड नियमच आहे, आणि ते फार भराभर होऊ नये म्हणून त्यात जिप्सम घालतात. दह्याचंही तसंच, तिथेही पाणी कुठे जात नाही, दूध आंबट होत होत त्यातलं प्रथिन एकमेकांना धरून बसतं. वहिनीने विरजण गार दुधात घातलं होतं, कोमट हवं, ते आत्याने न बघता सांगितलं. "विरजण लागलं नाही म्हण गं, सेट काय सेट!"

पुतण्याला तिने शेवटी स्वतःच विचारलं, "काय रे, जम बसला का?" तो म्हणाला हो आत्याआजी, एकदम सेट. मग कुठे ती जेवली.

आणि त्याच रात्री शेजारची मांजर आमच्या गच्चीवरून त्या ओल्या पट्ट्यावरून निवांत चालत गेली. सकाळी चार पंजे, एकदम स्वच्छ उमटलेले. कडियोला फोन केला, फोटो पाठवला. त्याचा व्हॉइस मेसेज आला, "हवे तो सेट थई गयुं, भाई."